दोन हजारांची भाषा

मराठीचे पुढे कसे होणार, ही चिंता पुण्याला नवी नाही. नातू इंग्रजी शाळेत जातो, आजीने ‘अडुसष्ट’ म्हटले की गोंधळतो आणि घरातली मोठी माणसे हळहळतात. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा याच घरांना आनंद झाला. तो रास्तच होता.

पण याच महाराष्ट्रात एक भाषा अशी आहे, की तिच्या आजीसमोर इंग्रजी नव्हे, मराठीच उभी आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी, बुलढाणा जिल्ह्यातल्या जळगाव जामोद परिसरात निहाली बोलली जाते. बोलणारे जेमतेम दोन-अडीच हजार. त्यांच्या बोलण्यात कोरकू, मराठी, हिंदी शब्दांची गर्दी आहे. ‘एक’ला शब्द स्वतःचा, दोन, तीन, चार द्राविडी वळणाचे, पाचापासून पुढे उसनवारी. तरीही उसने सारे बाजूला काढल्यावर जे उरते, त्याचे नाते जगातल्या कोणत्याही भाषाकुळाशी सिद्ध झालेले नाही.

अभ्यासकांनी तिची दखल घेतली आहे. डच पंडित कायपर यांनी १९६२ साली तिच्यावर ग्रंथ लिहिला. आपल्या डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनीही तिच्यासाठी मेहनत घेतली. जनगणनेत मात्र दहा हजारांहून कमी भाषकांच्या भाषा १९७१ पासून स्वतंत्र दाखवल्याच जात नाहीत. मोजलेच नाही, तर कमी झाले हे कळणार कसे?

अशा भाषेचे काय होते, ते सैबेरियात दिसले. तिथे ‘तोफा’ नावाची तुर्की कुळातली भाषा आहे. रेनडिअर पाळणाऱ्या या लोकांकडे त्या जनावराच्या वयानुसार, नर-मादीनुसार वेगवेगळे शब्द होते. मुले रशियन शाळांत गेली आणि भाषा मूठभर म्हाताऱ्यांपाशी उरली. शब्दांबरोबर पिढ्यांची जाणही ओसरली.

निहाली मुलाने मराठी शिकू नये, असे कोण म्हणेल? पोटापाण्यासाठी ती हवीच. पण मराठी शिकण्यासाठी आईची भाषा टाकावी लागते, हे खरे नाही. अंगणवाडीतल्या ताईंना तिचे चार शब्द यावेत, पहिलीच्या वर्गात ती बोलल्याबद्दल कोणी हसू नये, एवढे तर आपल्या हातात आहे.

इंग्रजीने मराठीशी जसे वागावे असे आपल्याला वाटते, तसे मराठीने निहालीशी वागावे. थोरलेपण मागून मिळत नाही. ते धाकट्यांना सांभाळून मिळते.