बिल्ला मोजतो, वाचवत नाही

पाइपलाइनच्या वेल्डिंगमध्ये आत चीर राहिली आहे का, हे नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी इरिडियम-१९२ या किरणोत्सारी स्रोताने जोडाचा फोटो काढतात. एवढासा स्रोत, पण एरवी तो जड धातूच्या कवचात बंद ठेवावा लागतो. कामाच्या वेळी लांबून हँडल फिरवून केबलने तो बाहेर ढकलायचा आणि फोटो झाला की आत ओढायचा. तो खरोखर आत आला की नाही, इथेच सगळी मेख आहे.

१९९९ मध्ये पेरूतील यानांगो जलविद्युत प्रकल्पावर असा स्रोत उपकरणातून सुटून पडला. एका वेल्डरने तो उचलून पँटच्या मागच्या खिशात टाकला. त्यात त्याने पाय गमावला. स्रोत जागेवर नाही, हे हातातल्या सर्व्हे मीटरने क्षणात दाखवले असते.

आपल्याकडे अशा कामगारांना छातीवर टीएलडी बिल्ला लावावा लागतो. अणुऊर्जा नियामक मंडळाची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आहे, आणि कोणत्याही एका वर्षात ३०. पण बिल्ला साधारण तीन महिन्यांनी तपासणीला जातो. जानेवारीत झालेली चूक तो एप्रिलनंतर सांगणार! घरातले विजेचे मीटर शॉकपासून वाचवत नाही, तसेच हे. तरीही ‘सगळ्यांना बिल्ले दिलेत’ एवढ्यावर समाधान मानणारे व्यवस्थापक असतात.

वाचवते ते अंतर. ते दुप्पट केले की मात्रा चौथाईवर येते. त्याला खर्च फक्त लांब केबलचा. वाचवतो तो प्रत्येक फोटोनंतर मीटर घेऊन उपकरणापर्यंत जाण्याचा कंटाळवाणा नेम. रात्रपाळीत, वीस जोड उरकायचे असताना, पहिली काट यालाच लागते. म्हणून एका पाळीत किती जोड घ्यायचे, हा माझ्या मते सुरक्षेचाच प्रश्न आहे. तो कंत्राटदाराच्या घाईवर सोडू नये.

दुसरे, पैशांचे. मात्रा वाढली की कामगाराला किरणांपासून दूर ठेवतात, ते योग्यच. पण कंत्राटी माणसाची त्यात रोजी बुडणार असेल, तर बिल्ला पेटीत ठेवून कामाला जाण्याचा मोह कोणालाही होईल. मग कागदावरची मात्रा छान दिसते. त्या काळातला पूर्ण पगार कंत्राटातच लिहून घेतला पाहिजे.