दहा दिवस गैरहजर

पुण्यात ‘कोयता गँग’ हा शब्द आता शाळकरी पोरांच्याही तोंडी बसला आहे. गाड्या फोडणारे, दुकानदारांना धमकावणारे पकडले गेले की त्यांत सोळा-सतरा वर्षांची मुलंही निघतात आणि ‘कायदा कडक करा’ ही मागणी नव्याने होते. कायदा कडक झालेला आहेच. २०१५च्या बाल न्याय कायद्यानुसार अतिगंभीर गुन्ह्यात सोळा वर्षांपुढच्या मुलावर प्रौढासारखा खटला चालू शकतो.

पण हाती कोयता येण्याच्या कितीतरी आधी मुलाची शाळा सुटलेली असते. शिक्षण हक्क कायदा चौदाव्या वर्षी हात सोडतो. महापालिकेच्या पुष्कळ शाळा सातवी-आठवीला संपतात. नववीला नवी शाळा, नवे सर, तिथे नावाने हाक मारणारं कुणी नाही. चार दिवस दांडी, मग आठवडा, मग नाक्यावर एखादा ‘भाई’ चहा पाजतो, नावाने हाक मारतो. त्या हाकेची भूक आपण ओळखली नाही, ही खरी चूक आहे.

नागपूरच्या विजय बारसे यांनी ती ओळखली. २००१मध्ये या क्रीडाशिक्षकाने झोपडपट्टीतल्या मुलांना फुटबॉल दिला. त्यातूनच ‘स्लम सॉकर’ ही संस्था उभी राहिली. ‘झुंड’ चित्रपटामुळे बारसे घरोघरी पोचले, त्यांची रीत मात्र सगळ्या वस्त्यांमध्ये पोचली नाही.

त्यासाठी नवी योजना नको. शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालकच असतात. प्रत्येक पोलीस ठाण्यात बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमण्याची तरतूद आहे. वस्तीत गणेश मंडळ आहे, अंगणवाडी ताई आहेत. या सगळ्यांनी महिन्यातून एकदा एकत्र बसावं, समोर एकच यादी ठेवावी: सलग दहा दिवस न आलेल्या मुलांची. त्या घरी आधी शिक्षक आणि शेजारची ताई जावी. वर्दी पहिल्यांदा दारात दिसता कामा नये. बापाचं काम सुटलंय, की पोरगा हॉटेलात कपबश्या विसळतोय, की गणित डोक्यावरून जातंय, हे तिथेच कळेल. आणि शाळांची मैदानं, जी संध्याकाळी कुलपात असतात, ती रात्री आठपर्यंत उघडी राहावीत. चावी मंडळाच्या पोरांकडेच द्यावी.