गोठ्यातील लस आणि घरातील लस



पावसाळ्याच्या तोंडावर गुरांना घटसर्पाची आणि फऱ्याची लस टोचून घ्यायची, हे आपल्यापैकी कोणाला सांगावे लागत नाही. लाळ-खुरकताची लस तर दर सहा महिन्यांनी असते. 2019 साली केंद्र सरकारने त्यासाठी देशभर योजना सुरू केली. ती फुकट टोचतात, कानात बिल्ला मारून जनावराची नोंद करतात, आणि गुरांचे डॉक्टर गावात आले की माणसे हातातले काम टाकून दावे धरून उभी राहतात. "मागच्या खेपेला टोचली होती, आता पुन्हा कशाला?" असे त्यांना विचारणारा शेतकरी आम्हाला अजून भेटलेला नाही. म्हैस एक-दोन दिवस दूध कमी देते, मानेला गाठ येते. तेही आपण मुकाट्याने सोसतो.

मग हाच प्रश्न स्वतःच्या दंडाची पाळी आली की कसा सुचतो?

कोविडच्या साथीत हे आम्ही जवळून पाहिले. लसीकरण 16 जानेवारी 2021 रोजी सुरू झाले. त्याच वर्षी एप्रिल-मे महिन्यांत दुसऱ्या लाटेने घरोघरी माणसे नेली, तेव्हा पहिल्या डोससाठी लोक पहाटेपासून रांगेत बसले. तिसरा डोस, म्हणजे सरकारी भाषेतला 'प्रिकॉशन डोस', 10 जानेवारी 2022 पासून आरोग्य कर्मचारी आणि साठीपुढील आजारी माणसांना मिळू लागला. 15 जुलै 2022 पासून पंचाहत्तर दिवस तर तो 18 वर्षांवरील सर्वांना सरकारी केंद्रात फुकट होता. रांगा मात्र कुठे दिसल्या नाहीत. देशातील पात्र प्रौढांपैकी बहुसंख्यांनी तो घेतलाच नाही. आणि त्याच पावसाळ्यात गुरांमध्ये लंपी रोग पसरला, तेव्हा शेळ्यांच्या देवीची लस गाईबैलांना टोचून घेण्यासाठी लोकांनी जनावरांचे दवाखाने गाठले. बैलाला टोचले, मालक राहून गेला.

"पहिल्या दोन डोसांत दम नव्हता म्हणून तिसरा काढला," असे पुष्कळ जण बोलत. हे खरे नव्हे. लस शरीराला शत्रूची ओळख करून देते. काही रोगांच्या बाबतीत ही ओळख जन्मभर पक्की राहते, काहींच्या बाबतीत ती काही महिन्यांत किंवा वर्षांत फिकी होते, आणि काही विषाणू तर आपले रूपच बदलतात. कोविडमध्ये शेवटच्या दोन्ही गोष्टी घडल्या. बदललेल्या रूपाचे, म्हणजे ओमिक्रॉनचे, देशातील पहिले दोन रुग्ण डिसेंबर 2021 मध्ये आपल्या कर्नाटकातच सापडले होते. ज्यांचे दोन डोस होऊन बरेच महिने लोटले होते, त्या म्हाताऱ्या आणि मधुमेही माणसांना तिसऱ्या डोसने गंभीर आजारापासून पुन्हा आधार दिला. शेतकऱ्याला हा हिशेब नवा नाही. गर्भपाताच्या रोगाची, ब्रुसेलाची, लस कालवडीला चार ते आठ महिन्यांच्या वयात एकदाच देतात आणि लाळ-खुरकताची वर्षातून दोनदा, हे तो जाणतो. माणसाचेही तसेच आहे.

सारा दोष लोकांच्या माथी मारणे मात्र आम्हाला पटत नाही. फुकट डोसाचे ते दिवस नेमके रोप लावणीचे आणि भांगलणीचे. टोचल्यावर एक-दोन दिवस अंग मोडून येते, आणि हातावर पोट असलेल्या बाईची दोन दिवसांची मजुरी ही लहान गोष्ट नव्हे. शिबिरे भरत ती सकाळी दहा वाजता, शेतात माणूस असेल त्याच वेळी. बाजाराच्या दिवशी किंवा संध्याकाळी ती का भरवू नयेत, याचे उत्तर आम्हाला मिळाले नाही. काही तरुणांनी लशीसाठी वापरलेल्या पेशींबद्दल नैतिक प्रश्न विचारला होता, तो विचारी प्रश्न होता. दुसरी निर्दोष लस उपलब्ध नसेल तेव्हा ही घेण्यास हरकत नाही, असे रोमने 21 डिसेंबर 2020 रोजी स्पष्ट केले होते. पण न आलेल्यांपैकी फारच थोडे त्या कारणाने आले नाहीत. बाकीच्यांची भीती ओसरली होती, एवढेच.

जागतिक आरोग्य संघटनेने कोविडची आणीबाणी 5 मे 2023 रोजी संपल्याचे जाहीर केले. आम्हाला काळजी आहे ती भीती ओसरली की सुई विसरण्याच्या या सवयीची, कारण शेतकऱ्याला तिची किंमत दुसरीकडे मोजावी लागते.

धनुर्वाताचे पाहा. त्याचे जंतू मातीत आणि शेणात वर्षानुवर्षे टिकून राहतात. विळा, खुरपे, भाताचे धसकट, काटा, यांपैकी काहीही पुरते. गंजलेलाच खिळा लागतो असे नाही. हा रोग एकाचा दुसऱ्याला होत नाही, म्हणून शेजाऱ्याने घेतलेल्या लशीचा आपल्याला काडीचाही उपयोग नाही. एकदा होऊन वाचलेल्या माणसालाही तो पुन्हा होऊ शकतो. बायकांना निदान गरोदरपणी ही लस मिळते. शाळा अर्ध्यावर सोडलेल्या आणि आज पन्नाशी-साठीत असलेल्या पुरुषांना ती कधी मिळाली? पुष्कळांना नाहीच. आणि नांगर धरतात तेच. उलट काही जण किरकोळ ओरखडा आला तरी दर वर्षी इंजेक्शन घेऊन येतात, तेही नको. आधीचा क्रम पुरा झाला असेल तर स्वच्छ लहान जखमेला दहा वर्षे आणि खोल, मातीने भरलेल्या जखमेला पाच वर्षे मागचा डोस पुरतो. जखमेवर शेण, माती किंवा तंबाखू मात्र कधीही दाबू नये.

आता या लशीला टीडी म्हणतात. तिच्यात धनुर्वाताबरोबर घटसर्पाचीही लस असते. हा माणसांचा, घसा धरणारा घटसर्प; गुरांचा घटसर्प वेगळ्या जंतूने होतो. नाव एक म्हणून गोठ्यातल्या लशीवर घरातल्यांचे भागणार नाही!

कुत्रे चावल्यावर तर ही विसरभोळी सवय जिवावर बेतते. पहिल्या सुईला घरातली चार माणसे बरोबर येतात, जखम सुकली की शेवटच्या सुईला कोणी फिरकत नाही. रेबीज एकदा अंगात दिसू लागला की त्यावर इलाज नाही. जखम लगेच साबणाने, वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. कातडीत टोचायची लस पहिल्या टोचणीनंतर तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी पुन्हा घ्यावी लागते. दंडात टोचली तर चौदाव्या दिवशी आणखी एक. जखम खोल असल्यास लशीबरोबर जखमेत वेगळे औषधही टोचावे लागते, ते डॉक्टरांना आवर्जून विचारावे.

गुरांच्या लशीच्या तारखा आपण ठेवतो, तशा घरातल्या माणसांच्याही एका वहीत लिहून ठेवाव्यात. ज्यांना टीडी कधी घेतल्याचे आठवत नाही, त्यांनी पेरणीपूर्वी प्राथमिक आरोग्य केंद्रात चौकशी करावी. असा क्रम तीन डोसांचा असतो: पहिला, त्यानंतर चार आठवड्यांनी दुसरा, आणि दुसऱ्यानंतर सहा महिने ते वर्षभरात तिसरा. मे महिन्यात पहिला घेतला तर दुसरा रोप लावणीच्या आधी होतो आणि तिसरा सुगी आटोपल्यावर.