उजळणी तीन वर्षांवर, धोका मात्र रोजचा

पाली (जि. रायगड) - मुंबई-गोवा महामार्गावरील वाकण आणि द्रुतगती मार्गालगतचे खोपोली यांना जोडणारा रस्ता पालीवरून जातो. एका टोकाला नागोठण्याचा पेट्रोकेमिकल प्रकल्प आणि त्यापलीकडे रोहा-धाटाव व महाड येथील रासायनिक कारखाने; दुसऱ्या टोकाला खोपोली, पाताळगंगा आणि पुण्याकडे जाणारा घाट. साहजिकच बल्लाळेश्वराच्या दर्शनाला येणाऱ्या भाविकांच्या गाड्या आणि ज्वालाग्राही वा विषारी रसायने वाहणारे टँकर यांना एकच रस्ता वापरावा लागतो. या टँकरच्या चालकांना दिले जाणारे प्रशिक्षण आणि त्याची ठराविक काळाने होणारी उजळणी हा प्रश्न म्हणूनच केवळ परिवहन खात्याच्या फायलींपुरता मर्यादित राहत नाही.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९ नुसार धोकादायक माल वाहणाऱ्या चालकाला केवळ अवजड वाहनाचा परवाना पुरत नाही. त्याला किमान एक भारतीय भाषा आणि इंग्रजी लिहिता-वाचता आले पाहिजे, तसेच विहित अभ्यासक्रम पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र त्याच्याजवळ असले पाहिजे. तीन दिवसांच्या या अभ्यासक्रमात सुरक्षित वाहनचालनापासून टँकरवरील धोकाचिन्हे ओळखणे, गळती रोखणे, आग विझविणे आणि प्रथमोपचार यांपर्यंतचे विषय येतात. विहिरी, नद्या व तलाव यांचे रक्षण कसे करावे, याचाही त्यात समावेश आहे. अंबा नदीच्या काठावर वसलेल्या आणि १९८९ च्या जुलैमध्ये जांभूळपाड्याचा महापूर अनुभवलेल्या या तालुक्याला त्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. नदीलगत टँकर उलटला, तर रसायन वाहून जाण्यास फारसा वेळ लागत नाही.

मात्र शिकलेले किती काळ लक्षात राहते, हा खरा मुद्दा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १४ नुसार पूर्वी अशा चालकाचा परवाना एकाच वर्षासाठी वैध असे आणि नूतनीकरणापूर्वी एक दिवसाचे उजळणी प्रशिक्षण घ्यावे लागे. २०१९ च्या दुरुस्तीने ही मुदत तीन वर्षे करण्यात आली. एक दिवसाच्या उजळणीचा कलमातील उल्लेख वगळून नूतनीकरणाच्या अटी ठरविण्याचा अधिकार केंद्र सरकारकडे देण्यात आला. दरवर्षीचा हेलपाटा आणि बुडणारी मजुरी वाचल्याने चालकांना दिलासा मिळाला, हे नाकारता येणार नाही. तथापि, गळतीच्या वेळी कोणता व्हॉल्व्ह बंद करायचा, हे सरावानेच अंगवळणी पडते. सुदैवाने असा प्रसंग चालकावर क्वचितच येतो. म्हणूनच उजळणीची गरज अधिक.

परदेशाशी तुलना केल्यास तीन वर्षांची मुदत अवाजवी वाटत नाही. अमेरिकेत पुनर्प्रशिक्षण तीन वर्षांनी, तर युरोपातील रस्ते वाहतुकीच्या करारानुसार चालकाचे प्रमाणपत्र पाच वर्षांनी नूतनीकृत होते. फरक आहे तो व्याप्तीचा. अमेरिकेत माल भरणारा, बांधणारा, कागदपत्रे तयार करणारा अशा प्रत्येक कर्मचाऱ्याला प्रशिक्षण देणे आणि त्याची नोंद ठेवणे ही मालकाची जबाबदारी आहे. आपल्याकडे परवान्याशी जोडलेले प्रशिक्षण चालकापाशीच थांबते. टँकरवर राबणारा क्लीनर आणि भरणा करणारा कंत्राटी कामगार या चौकटीबाहेर राहतात. अपघातात चालकच जखमी झाला, तर पुढे काय करायचे, हे क्लीनरला ठाऊक नसते.

चूक केवळ चालकाची मानून भागणार नाही. माल पाठविणाऱ्या कंपनीने चालक प्रशिक्षित असल्याची खात्री करावी, असे नियम १३१ सांगतो. मालाचे स्वरूप व त्यातील धोके चालकाला पुरेसे समजले आहेत, हे वाहनमालकाने पाहावे, असे नियम १३५ बजावतो. मालाची लेखी माहिती चालकाच्या केबिनमध्ये असणे बंधनकारक आहे. म्हणजेच कारखान्याच्या फाटकावरच अप्रशिक्षित चालकाला थांबविता येते. रस्त्यावरच्या तपासणीपेक्षा हा उपाय सोपा आणि स्वस्तही आहे.

निष्काळजीपणाची किंमत टँकरमध्ये बसलेलेच मोजतात असे नाही. १३ जून २०२३ रोजी खंडाळा घाटात द्रुतगती मार्गावर टँकर उलटून पेटला. चौघांचा मृत्यू झाला. त्यांत पुलाखालच्या रस्त्यावरून जाणारेही होते. अशा प्रसंगांसाठी १९९६ च्या नियमांनुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा आपत्ती गटाची तरतूद आहे. परंतु मदत पोहोचेपर्यंतची पहिली काही मिनिटे चालक आणि त्याच्या सोबत्याच्याच हाती असतात.

परवान्याची मुदत तीन वर्षे राहण्यास हरकत नाही. मात्र त्या दरम्यान कंपन्यांनी दरवर्षी, शक्यतो पावसाळ्यापूर्वी, चालक आणि क्लीनर दोघांची प्रत्यक्ष कवायत घ्यावी, वाहून न्यायचे रसायन बदलले की नव्याने माहिती द्यावी आणि परिवहन विभागाने त्याच्या नोंदी तपासाव्यात. त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही.