एका कागदाच्या साक्षीवर निवाडा नको

नागपूर-रायपूर महामार्गावरील कोहमारा हे चौरस्त्याचे गाव. गोंदियाहून नवेगावबांधकडे जाणारी वाट येथेच महामार्ग ओलांडते. जुन्या कागदांत हा महामार्ग क्रमांक ६ आहे. २०१० च्या फेरक्रमांकनानंतर तो ५३ झाला. १ मे १९९९ पूर्वीच्या दप्तरात हे गाव भंडारा जिल्ह्यात सापडते, त्यानंतरच्या दप्तरात गोंदियात. त्यात अर्जुनीही दोन, सडक अर्जुनी आणि अर्जुनी मोरगाव, आणि दोन्ही तालुक्यांची ठाणी! येथील माणसाच्या हे अंगवळणी पडलेले आहे. अनेक कागद वाचून उत्तर देणाऱ्या संगणकाला मात्र ते शिकवावे लागते, आणि या वनप्रदेशात अशा उत्तरावर एखाद्या कुटुंबाची जमीन अवलंबून असू शकते.

२००६ च्या वनहक्क कायद्याचेच पाहा. आदिवासींखेरीज इतर पारंपरिक वननिवासींना १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य सिद्ध करावे लागते. शोध थेट १९३० पर्यंत, मध्य प्रांत-वऱ्हाडाच्या राजवटीपर्यंत जातो. एवढा इतिहास एकच कागद क्वचितच सांगतो. बंदोबस्ताचे अहवाल, नकाशे, जनगणनेच्या नोंदी, वंशावळ, वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब यांची सांगड घालावी लागते. त्या कायद्याखालील १३ वा नियम तर ग्रामसभेला व समित्यांना एकाहून अधिक पुरावे विचारात घेण्यास स्पष्टपणे सांगतो. माणसाला जे बंधन, त्यातून यंत्राला सूट कशासाठी?

या दिशेने जगात प्रयत्न झाले आहेत. २०१८ मध्ये अमेरिका व कॅनडातील विद्यापीठांच्या संशोधकांनी विकिपीडियावर आधारित सुमारे १ लाख १३ हजार प्रश्नांचा ‘हॉटपॉट-क्यूए’ हा संच सिद्ध केला. दोन लेख जोडल्याशिवाय उत्तर मिळू नये, आणि उत्तरासोबत आधाराची वाक्येही दाखवावीत, ही त्यामागील कल्पना. परंतु २०१९ मध्येच अन्य संशोधकांनी दाखवून दिले की, त्यातील कित्येक प्रश्नांची उत्तरे यंत्र एकच उतारा वाचून देते. सांगड घालण्याचे कष्ट टाळून ते आडवाटेने मुक्कामी पोहोचते. परीक्षेतील हुशार पण आळशी मुलासारखेच!

दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. दहा कागद एकच गोष्ट सांगतात म्हणून साक्षी दहा होत नाहीत. नऊ जण पहिल्याची नक्कल करणारे असू शकतात. शिवजन्माची तिथी ठरविताना मराठी संशोधकांनी हा विवेक दाखविला. उत्तरकालीन अनेक बखरी शके १५४९ सांगत होत्या. लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेली जेधे शकावली शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया सांगत होती. परमानंदाच्या ‘शिवभारता’ने आणि राजस्थानात सापडलेल्या जन्मकुंडलीने, या स्वतंत्र साधनांनी, तिला दुजोरा दिला. १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख आज आपण मानतो ती या तुलनेतून. निव्वळ कागद मोजले असते तर बखरीच जिंकल्या असत्या.

म्हणून शासकीय कार्यालयात असे यंत्र आणावयाचे झाल्यास त्याच्या प्रत्येक उत्तरासोबत मूळ कागदांच्या प्रती, आणि एका कागदातील नाव दुसऱ्यातील नावाशी कोणत्या आधाराने जुळविले याची नोंद, दावेदाराच्या हाती मराठीत मिळालीच पाहिजे. भंडाऱ्याचे जुने दप्तर यंत्राला वाचावयास दिलेच नसेल, तर १९३० विषयी ते काय सांगणार? अशा वेळी ‘कागद सापडला नाही’ एवढेच त्याने म्हणावे. ‘कागद सापडला नाही’ आणि ‘वास्तव्य नव्हते’ या दोन विधानांत त्या कुटुंबाची शेतजमीन सामावलेली आहे. अर्जुनीच्या नावाचा घोटाळा एकदा दाव्याच्या फाइलीत शिरला, तर तो दुरुस्त करण्यासाठी गोंदियाच्या खेपा यंत्राला घालाव्या लागत नाहीत. त्या कोहमाऱ्याच्या फाट्यावर एसटीची वाट पाहणाऱ्या माणसालाच घालाव्या लागतात.