नळी खिळ्याला, पावती हातात

मंडळी, आज जरा स्पष्ट लिहितोय. काहींना झोंबेल, झोंबू दे.

वडिलांची प्रीमियर पद्मिनी अजून आमच्या दारात आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली, १०८९ सीसी, कार्बोरेटरवाली. गेल्या महिन्यात तिची पीयूसी संपली. गाडी त्या दिवशी मिस मारत होती, मागून काळा धूर, पेट्रोलचा वास. तशीच सेंटरवर नेली. पोराने नंबर प्लेटचा फोटो काढला, बटण दाबलं, पावती हातात. सायलेन्सरमध्ये घालायची नळी भिंतीवरच्या खिळ्यावर निवांत लटकत होती. पावतीवर कार्बन मोनॉक्साइड किती? ०.९ टक्के! माझ्या गाडीच्या काळातल्या चारचाकीला मर्यादा ३ टक्के आहे. म्हणजे काळा धूर ओकणारी गाडी कागदावर एकदम सोवळी.

तिथून गेलो आपल्या जुन्या स्टँडमागच्या मिस्त्रींकडे. वय सत्तरीकडे. त्यांनी आधी कार्बोरेटरला हातच लावला नाही. प्लग काढले, काळेकुट्ट. पॉइंट साफ केले, गॅप लावला, टायमिंग बघितलं. म्हणाले, "आग नीट पडत नसेल तर कार्बोरेटरला कशाला शिव्या द्यायच्या?" मग तो उतरवला. नीडल व्हॉल्व्ह झिजलेला, त्यामुळे पेट्रोल थांबतच नव्हतं, आत पूर. कधीतरी कुणीतरी जेटमध्ये तार घालून भोक मोठं केलेलं. जेट बदलला, नवा किट टाकला, फ्लोटची उंची मोजून लावली, सगळ्या वाटांतून हवा मारली. इंजिन गरम झाल्यावर मिक्श्चरचा स्क्रू पाव-पाव फेऱ्याने फिरवत, कान लावून, इंजिन सगळ्यात गुळगुळीत चालेल तिथे आणून सोडला. तीन तास गेले.

मग गाडी परत त्याच सेंटरवर नेली आणि म्हटलं, "आता नळी घाल." कुरकुरत घातली. खरा आकडा आला २.३.

बघा गंमत! दुरुस्त गाडीचा खरा आकडा २.३ आणि बिघडलेल्या गाडीचा खोटा आकडा ०.९. आपल्याकडे खोटेपणा खऱ्यापेक्षा स्वच्छ निघतो.

आता कुणी म्हणेल, जुनी गाडी भंगारातच घाला ना. मान्य, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नसलेली गाडी नव्या गाडीइतकी स्वच्छ कधीच होणार नाही. मुंबईच्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या. दिवसभर पळणाऱ्या गाड्या होत्या, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण प्रश्न माझ्या एका गाडीचा नाहीच. एप्रिल २०२० ला बीएस-६ येईपर्यंत विकल्या गेलेल्या बहुतेक दुचाक्या कार्बोरेटरच्याच. भाजी मंडईसमोर उभे राहा आणि मोजा. त्यांचा धूर कोण कमी करणार? पावती छापणारा की स्क्रू फिरवणारा?

त्यात आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल. नवी गाडी सेन्सरने स्वतःला थोडंफार जुळवून घेते, कार्बोरेटरला डोकं नाही. त्याचं मिक्श्चर पातळ होतं, जुनं रबर खराब होतं. म्हणजे जाणत्या हाताची गरज वाढलीय, आणि तो हात म्हातारा झालाय. मिस्त्रींकडे शिकायला एकही पोरगा नाही.

दोष फक्त सेंटरवाल्याचा नाही. पीयूसी नसेल तर १० हजारांपर्यंत दंड, म्हणून आपल्याला पावती हवी असते, तपासणी नको. "करून टाक रे" कोण म्हणतं? आपणच. मीही पहिल्या पावतीचे पैसे गुपचूप दिलेच होते.

माझं म्हणणं इतकंच. परिवहन खात्याने न सांगता सेंटर तपासावीत आणि नळी सायलेन्सरमध्ये असलेला फोटो असल्याशिवाय पावती निघू देऊ नये. आयटीआयने अशा मिस्त्रींना मानधन देऊन वर्षाला पंधरा दिवस तरी बोलवावं. आणि आपण नापास झालो तर पोरावर न ओरडता गाडी दुरुस्त करावी.

तुमच्या मागच्या पीयूसीच्या वेळी नळी खरंच आत गेली होती का? खाली लिहा. हो की नाही, एवढंच. मग बघू आपल्या गावाची हवा कागदावर किती शुद्ध आहे ते.