उन्हाळी जलतरण शिबिर : निवड कोणत्या निकषावर?

मार्च महिना उजाडला की आपल्या बेळगावातील पोहणाऱ्या मुलांच्या घरी एकच विषय चर्चेला येतो : यंदा सुट्टीत शिबिर कोणते? दोन पिढ्यांपूर्वी हा प्रश्नच नव्हता. पाठीला सुका भोपळा किंवा पत्र्याचा डबा बांधून काकांनी विहिरीत ढकलले, की शिबिर संपले. आता प्रश्न पोहायला येण्याचा राहिलेला नाही, तो शतांश सेकंदांचा झाला आहे. आठवड्यातून पाच-सहा दिवस सराव करणारे, जिल्हा व राज्य स्पर्धांत उतरणारे बारा-तेरा वर्षांचे मूल एप्रिल-मेच्या सुट्टीत कोणाच्या हाती सोपवावे, हा तो प्रश्न. आपल्या मंडळातील अनेक सभासदांची मुले-नातवंडे या वयाची आहेत. म्हणून अस्थिरोगाचा व्यवसाय करणाऱ्या माणसाने याविषयी आपले मत मांडणे अप्रस्तुत ठरू नये.

शिबिराची निवड आज बहुधा तीन गोष्टींवरून होते. पत्रकावर नामांकित जलतरणपटूचे छायाचित्र आहे का, तलाव ५० मीटरचा आहे का, आणि रोज किती किलोमीटर पोहून घेतात. माझ्या मते यांतील पहिली गोष्ट गौण आहे, दुसरी उपयुक्त पण दुय्यम आहे आणि तिसरी, निकष म्हणून, सरळसरळ घातक आहे.

साधे गणित मांडून पाहू. पंचवीस मीटरच्या एका फेरीत मूल फ्रीस्टाइलचे सुमारे २० हात मारते असे धरले, तर रोजच्या ३ किलोमीटरच्या सरावात १२० फेऱ्या, म्हणजे २,४०० हात होतात. प्रत्येक खांद्याच्या वाट्याला १,२०० आवर्तने येतात. शिबिरात हेच अंतर एकदम ८ किलोमीटर केले, की प्रत्येक खांद्याची आवर्तने ३,२०० वर जातात. ही वाढ एका रात्रीत होते, आणि तीही नेमक्या अशा वयात, की ज्यात उंची झपाट्याने वाढत असते. मुलींमध्ये हा वेग साधारण बाराव्या, तर मुलांमध्ये चौदाव्या वर्षाच्या आसपास सर्वाधिक असतो. हाडांच्या लांबीशी स्नायूंचे बळ अद्याप जुळलेले नसते. रोटेटर कफचे स्नायू थकले, की खांद्याच्या सांध्याला स्थैर्य देण्याचे त्यांचे काम ढिले पडते आणि वेदना सुरू होतात. आपण ज्याला ‘स्विमर्स शोल्डर’ म्हणतो तो हाच. जून महिन्यात दप्तर खांद्याला लावता येत नाही म्हणून येणारी मुले मी दरवर्षी पाहतो. ब्रेस्टस्ट्रोक पोहणाऱ्यांची तक्रार बहुधा गुडघ्याच्या आतील बाजूची असते. त्यांच्या पालकांनी शिबिराची फी भरली होती ती वेळ सुधारावी म्हणून; प्रत्यक्षात स्पर्धेचा हंगाम विश्रांतीत जातो.

म्हणून पालकांनी पहिला प्रश्न अंतराचा नव्हे, तर हाताखालील संख्येचा विचारावा. एका प्रशिक्षकाकडे किती मुले? तो मुलाचा हात पाण्याखाली कसा जातो हे पाहणार आहे, की काठावरून केवळ शिट्टी वाजवणार आहे? तीन आठवड्यांत शरीराची क्षमता फारशी पालटत नाही. पण चुकीचा हात, उशिरा घेतलेला श्वास, कच्चे वळण आणि विस्कळीत सुरुवात या गोष्टी निश्चित सुधारता येतात. शंभर मीटरच्या शर्यतीत २५ मीटरच्या तलावात तीन वळणे येतात, ५० मीटरच्या तलावात एकच. तेव्हा लहान तलाव कमी प्रतीचा असे मानण्याचे कारण नाही. वळण शिकायचे असेल तर तो अधिक सोयीचाच.

दुसरा प्रश्न विश्रांतीचा. खेळाडू मुलांना आठवड्यातून किमान एक ते दोन दिवस संघटित सरावापासून पूर्ण सुट्टी असावी, अशी शिफारस अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने २००७ मध्येच केली आहे. जे शिबिर सलग एकवीस दिवसांचा कार्यक्रम अभिमानाने छापते, त्याने ही गोष्ट विचारातच घेतलेली नाही, असे समजावे.

तिसरा प्रश्न सुरक्षिततेचा. उत्तम पोहणारा बुडत नाही, हा भ्रम आहे. जोरजोराने श्वास घेऊन मग दम रोखून पाण्याखालून लांब जाण्याची पैज लावली, तर रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटलेला असल्याने श्वास घेण्याची जाणीव होण्याआधीच शुद्ध हरपू शकते. हा अपघात कुशल पोहणाऱ्यांनाच होतो. असले प्रकार शिबिरात चालतात का, काठावर प्रशिक्षित जीवरक्षक आहे का, बुडालेल्या व्यक्तीला केवळ छाती दाबणे पुरत नाही, कृत्रिम श्वासही द्यावा लागतो, हे तेथील माणसांना ठाऊक आहे का, याची चौकशी करताना संकोच नसावा. तलावाला येणारा उग्र वास स्वच्छतेची खूण नव्हे. घाम व मूत्र यांच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन बनणाऱ्या क्लोरामाइनचा तो वास असतो, आणि दम्याच्या मुलांना तो बाधतो. निवासी शिबिर असेल, तर मुलींच्या निवासात रात्री जबाबदार स्त्री कोण असते, आणि मूल घरी केव्हाही दूरध्वनी करू शकते का, हेही विचारलेच पाहिजे.

यावर एक आक्षेप येईल. मोठ्या केंद्रात गेल्यावाचून मोठे पोहणारे घडत नाहीत, हे खरे नव्हे काय? खरे आहे. आपल्या शेजारच्या कोल्हापूरचे वीरधवल खाडे २००८ मध्ये बीजिंग ऑलिंपिकमध्ये पोहले आणि २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायमध्ये कांस्यपदक मिळवून, १९८६ मधील खजान सिंग यांच्या रौप्यपदकानंतरची २४ वर्षांची प्रतीक्षा त्यांनी संपवली. या वाटचालीत बंगळूरचे प्रशिक्षक निहार अमीन यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. परंतु ती दीर्घकाळाची गुरु-शिष्य परंपरा होती, तीन आठवड्यांची सहल नव्हे. मुलाची झेप तेवढी असेल, तर योग्य वयात घर सोडण्याचा निर्णय जरूर घ्यावा. मात्र त्याचा पर्याय म्हणून उन्हाळी शिबिराकडे पाहू नये. जे शिबिर मुलाच्या नेहमीच्या प्रशिक्षकाशी आधी बोलते आणि शेवटी त्याला लेखी टिपण पाठवते, ते पाचशे किलोमीटरवर असो वा आपल्याच गल्लीत, मला अधिक मोलाचे वाटते.

शेवटी आपल्या व्यवसायाविषयी. शिबिराच्या अर्जासोबत वैद्यकीय दाखला लागतो आणि तो बहुधा ओळखीवर, मुलाला न पाहता मागितला जातो. तो तसा देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. खांद्याच्या हालचाली, कानाचा पडदा, दमा, हिमोग्लोबिन आणि फिट येण्याचा पूर्वेतिहास या किमान गोष्टी तपासल्याच पाहिजेत. पोहताना शुद्ध हरपली असेल किंवा घराण्यात तरुणपणी आकस्मिक मृत्यू झाला असेल, तर ईसीजी काढल्याखेरीज सही करू नये; कारण लाँग क्यूटी सिंड्रोमच्या पहिल्या प्रकारात पोहणे हेच हृदयाची लय बिघडण्याचे निमित्त ठरू शकते. मुलींच्या मासिक पाळीची चौकशीही टाळू नये. कठोर सराव आणि अपुरा आहार यांची पहिली खूण पुष्कळदा तेथेच दिसते.

हे सर्व एकट्या डॉक्टरला दहा मिनिटांत जमणारे नाही, हे मान्य आहे. म्हणून मी सुचवतो, की आपल्या मंडळाने दरवर्षी मार्चमधील एक रविवार यासाठी राखावा. बालरोग, अस्थिरोग, कान-नाक-घसा आणि हृदयरोग या शाखांतील प्रत्येकी एक सभासद बसला, तर गावातील पन्नास-साठ पोहणारी मुले एका सकाळी नीट तपासून होतील. खर्च नगण्य आहे, आणि त्या दिवशी दिलेल्या दाखल्याला काही अर्थ असेल.